वेलचीचं फूल कधी पाहिलंय?

मुलांनो, पुढे वाचण्याआधी एक काम करा. स्वयंपाकघरात जा, आईला किंवा आजोबांना विचारा आणि डबीतली एक हिरवी वेलची मागून आणा. एकच पुरे! आणलीत? आता ती तळहातावर ठेवून नीट बघा. ती गोल नाही, चपटीही नाही. तिला तीन कडा आहेत. आता नखाने साल सोला. आत तीन कप्पे आहेत आणि प्रत्येक कप्प्यात दाण्यांची एक लड आहे. दाणे काळपट, सुरकुतलेले आणि एकमेकांना घट्ट चिकटलेले. सुटे करून मोजा. सगळे मिळून साधारण पंधरा ते वीस भरतील. बोटांचा वास घेतलात? आता एक दाणा दाताखाली धरा. आधी जरासा तिखट, मग एकदम गार!

श्रीखंडात, पुरणात, बासुंदीत, दिवाळीच्या लाडवांत ही वेलची आपण कितीदा खाल्ली असेल! पण ती जिथे लागते ते झाड कसं असतं? फळ फांदीला लटकतं की वेलीला? आणि तिचं फूल कसं दिसतं? घरातल्या मोठ्यांनाही हे प्रश्न विचारून बघा. बहुतेक जण विचारात पडतील. म्हणून आज आपण वेलचीच्या गावाला जाऊ या.

डोंगरातलं घर

वेलचीचं मूळ घर म्हणजे पश्चिम घाटाचा दक्षिणेकडचा भाग. केरळ, कर्नाटक आणि तामिळनाडूतल्या डोंगरांवर, समुद्रसपाटीपासून साधारण ६०० ते १५०० मीटर उंचीवर दाट सदाहरित जंगलं आहेत. केरळच्या इडुक्की जिल्ह्यातल्या एका डोंगररांगेला तर वेलचीचे डोंगर असंच नाव पडलं आहे. इथे पाऊस धो धो कोसळतो. काही ठिकाणी वर्षाला दीड हजार मिलिमीटर, तर काही ठिकाणी चार हजारांपर्यंत. उंच झाडांच्या फांद्या वर एकमेकींत इतक्या गुंततात की खाली ऊन पोहोचतं ते कवडशांनीच. जमिनीवर पालापाचोळ्याचा जाड थर असतो. तो कुजून तयार झालेली माती काळी, भुसभुशीत आणि सदा ओलसर असते.

या सावलीत, मोठ्या झाडांच्या पायथ्याशी वेलची राहते. तिची उंची असते दोन ते चार मीटर. म्हणजे तुमचे बाबा तिच्याजवळ उभे राहिले तर त्यांनाही मान वर करून बघावं लागेल. तरीही वेलची हे झाड नाही, झुडूप नाही आणि वेल तर नाहीच नाही. शास्त्रज्ञ तिला शाकीय वनस्पती म्हणतात. कारण तिच्या अंगात लाकूड नसतं.

मग ती एवढी उंच उभी कशी राहते? तिचं जे खोड आपल्याला दिसतं ते खरं खोड नसतंच. लांब लांब पानांचे देठ खाली पसरट होतात आणि एकावर एक घट्ट गुंडाळले जातात. त्या गुंडाळीचाच दांडा बनतो. केळीचं खोड कापलेलं पाहिलं असेल तर त्यात असेच थर दिसतात. वेलचीचं खरं खोड जमिनीखाली आडवं पसरलेलं असतं आणि तिथून दर वर्षी नवे नवे धुमारे वर येतात. जमिनीखालचं असंच आडवं खोड तुम्ही रोज खाता, ते म्हणजे आलं. हळद म्हणजेही तेच. आलं, हळद आणि वेलची या तिघी एकाच कुळातल्या बहिणी आहेत!

फुलं पायाशी

आता फुलांकडे वळू. वेलचीच्या गर्द हिरव्या पानांमध्ये कितीही शोधलंत तरी एक फूल सापडणार नाही. शेंड्याला नाही, पानांच्या बेचक्यात नाही. शोधायचं तर गुडघ्यावर बसा आणि दांड्यांच्या बुंध्याशी बघा. तिथून, अगदी मातीलगत, फुलोऱ्याचे लांब दांडे निघालेले असतात. वेलचीच्या मलबार प्रकारात हे दांडे जमिनीवर लोळतात, म्हैसूर प्रकारात ते सरळ उभे राहतात. पालापाचोळ्यावर लोळणाऱ्या त्या दांड्यांवर फुलं उमलतात. आणि आपली हिरवी वेलची लागते तीही तिथेच, जमिनीपाशी.

फूल जवळून बघू. ते मोठं नाही. फिकट हिरवट पांढऱ्या तीन अरुंद पाकळ्या मागे झुकलेल्या. पुढे एक रुंद, पांढरीशुभ्र पाकळी. तिच्या मधोमध जांभळ्या रेघा, सगळ्या फुलाच्या तोंडाकडे जाणाऱ्या. ही रुंद पाकळी म्हणजे या फुलाचं अंगण. पाहुणा इथे उतरतो आणि जांभळ्या रेघा त्याला मधाची वाट दाखवतात. गंमत म्हणजे ही पाकळी मुळात पाकळी नाहीच. लाखो वर्षांच्या काळात या कुळातल्या काही पुंकेसरांचं रूप बदलत गेलं आणि त्यांतून ती तयार झाली. परागकण देणारा पुंकेसर आता एकच उरला आहे.

त्या एकट्या पुंकेसराच्या परागकोशाचे दोन भाग असतात. त्या दोन भागांच्या मधून एक नाजूक पांढरा दोरा वर येतो. हा दोरा म्हणजे कुक्षीवृंत, आणि त्याच्या टोकाला असते कुक्षी. परागकण कुक्षीवर पोहोचले तरच फळ धरतं. पण कुक्षी बसलेली असते परागकोशाच्या वर. शेजारी राहूनही परागकण आपले आपण तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत. कुणीतरी ते उचलून न्यावे लागतात. वाराही हे काम करत नाही. मग कोण करतं?

बरोबर ओळखलंत. मधमाशी!

आखूड जीभ, खोल मध

वेलचीचं फूल पहाटे उमलतं आणि त्याच्या हाती जेमतेम एक दिवस असतो. सकाळ झाली की मधमाश्या कामाला लागतात. यात दोघी मुख्य. एक सातेरी, म्हणजे झाडाच्या ढोलीत किंवा मधपेटीत राहणारी छोटी माशी. दुसरी आग्या, उंच झाडांवर आणि कड्यांवर मोठी पोळी लटकवणारी. माशी त्या पांढऱ्या पाकळीवर उतरते, रेघांच्या वाटेने आत घुसते आणि घुसताना तिची पाठ वरच्या कुक्षीला आणि परागकोशाला घासते. आधीच्या फुलाचे कण इथे चिकटतात, इथले कण पुढच्या फुलाकडे निघतात.

पण इथे एक कोडं आहे, बरं का! वेलचीच्या फुलातला मध एका अरुंद नळीच्या तळाशी साठतो. ही नळी साधारण २३ मिलिमीटर लांब असते. आणि सातेरी किंवा आग्या माशीची जीभ? फक्त पाच मिलिमीटरच्या आसपास. पट्टी घ्या आणि कागदावर या दोन रेघा आखून बघा. एवढ्या आखूड जिभेने तळाचा मध प्यायचा कसा? आणि मिळत नसेल तर माश्या रोज सकाळी इथे येतात कशाला?

कर्नाटकातल्या संशोधकांनी हे कोडं सोडवलं. फुलांच्या नळ्या मोजल्या, माश्यांच्या जिभा मोजल्या आणि माशी पिऊन गेल्यावर नळीत किती मध उरतो तेही पाहिलं. तेव्हा दिसलं की माशी साधारण ११ मिलिमीटर खोलीपर्यंतचा मध ओढून घेते. म्हणजे जिभेच्या दुपटीहून जास्त! हे साधतं कशामुळे? त्या नाजूक पांढऱ्या दोऱ्यामुळे. कुक्षीवृंत नळीच्या तळापासून वरपर्यंत गेलेला असतो. दोरा आणि नळीची भिंत यांच्यात अगदी चिंचोळी फट राहते. अशा फटीतून द्रव आपोआप वर चढतो. समईच्या वातीतून तेल वर चढतं ना, तसाच. याला केशाकर्षण म्हणतात. माशी वरचा मध पिते आणि खालचा मध तिच्याकडे वर सरकत राहतो. नळीत दोरा नसेल तर माशीला जीभ पोहोचते तेवढाच मध मिळतो.

म्हणजे बघा, हा एक दोरा दोन कामं करतो. त्याच्या टोकावर परागकण येऊन पडतात, आणि ते आणणाऱ्या पाहुणीला मध वर चढवून देण्याचं कामही तोच करतो. माशी आली नाही तर फूल तसंच गळून पडतं. मघाशी तुम्ही सोललीत ती वेलची तयार झाली, कारण एके सकाळी एक माशी तिच्या फुलावर येऊन गेली होती.

उजेडाची वाट बघणारं बी

फूल गळलं की खाली छोटं हिरवं फळ धरतं. ते भरायला तीन-चार महिने लागतात. आधी आतले दाणे पांढरे असतात, मग तपकिरी होतात, शेवटी काळे. पिकलेल्या फळात दाण्यांभोवती गोडसर पापुद्रा असतो. जंगलातल्या उंदरांना आणि खारींना ही फळं फार आवडतात.

कर्नाटकातल्या कोडगू भागात पूर्वी वेलची पेरतच नसत, हे तुम्हांला माहीत आहे का? शेतकरी दाट जंगलातली एखादी जागा निवडायचे आणि तिथलं एखादं मोठं झाड पाडायचे. झाड कोसळलं की वरच्या फांद्यांच्या छतात भोक पडायचं आणि तिथून जमिनीवर उजेड यायचा. पाऊस पडून गेला की त्या मोकळ्या जागेत वेलचीची रोपं आपोआप वर यायची! बी आधीपासूनच मातीत पडून होतं. त्याला थोडा उजेड हवा होता, तो मिळाल्याबरोबर ते रुजलं.

थोडा उजेड, हे मात्र लक्षात ठेवा. कडक ऊन वेलचीला सोसत नाही. तिची पानं करपतात. तिची मुळंही खोल जात नाहीत, मातीच्या वरच्या थरातच पसरतात. म्हणून तो थर कायम ओला राहायला हवा. मोठ्या झाडांची सावली तो ओलावा धरून ठेवते आणि त्यांची गळलेली पानं कुजून तिला खत पुरवतात. आज वेलचीच्या मोठाल्या बागा आहेत, पण तिथेही उंच झाडं राखावी लागतात. जंगलातून बाहेर काढून उघड्या माळावर लावली तर वेलची जगत नाही.

हिरवी ती हिरवीच कशी?

बागेतली तोडणी बघण्यासारखी असते. एकाच दांड्यावर एकाच वेळी कळी असते, फूल असतं, कोवळं फळ असतं आणि तयार फळही असतं. त्यामुळे सगळं पीक एकदम काढता येत नाही. तोडणीला बहुतेक बायका असतात. रोपाच्या बुंध्याशी बसून, ओल्या पाचोळ्यात हात घालून त्या दांडा न दांडा तपासतात आणि नेमकी तयार फळं तेवढी खुडतात. बाकीची राहू देतात. मग महिना-सव्वा महिन्याने पुन्हा त्याच रोपाशी येतात. ऑगस्टच्या सुमारास सुरू झालेलं हे काम हिवाळा सरेपर्यंत चालतं.

तयार फळ म्हणजे पिकलेलं फळ नव्हे, हं! दाणे काळे झाले आहेत पण साल अजून हिरवीगार आहे, असं फळ सगळ्यांत चांगलं. केरळात या अवस्थेला करिंकाई म्हणतात. पूर्ण पिकू दिलं तर साल पिवळी पडते आणि वाळवताना फळ फुटतं.

खुडलेली फळं धुऊन वाळवणीच्या खोल्यांत पसरतात. तिथे ४५ ते ५५ अंश सेल्सिअस इतकी मंद ऊब राखावी लागते. उष्णता वाढली तर सालीतलं हरितद्रव्य नष्ट होतं आणि वेलची फिकी पडते. म्हणून रात्रीही कुणीतरी लक्ष ठेवून असतं. दिवस-दीड दिवसाने फळं खडखडीत वाळतात. चार-पाच किलो ताज्या फळांमधून हाती येते जेमतेम एक किलो वेलची! वेलची इतकी महाग का असते, त्याचं उत्तर इथे आहे. केशर आणि व्हॅनिला यांच्या पाठोपाठ तिचाच नंबर लागतो.

तुमच्यापैकी कुणीतरी आता विचारेल, की घरातली वेलची कुंडीत पेरली तर उगवेल का? उगवण्याची आशा फारशी नाही. वाळवणीची ऊब सोसून महिनोन्‌महिने डबीत राहिलेलं बी रुजण्याच्या अवस्थेत राहत नाही. शेतकरी ताजं बी घेतात, रोपवाटिकेत वाढवतात किंवा जमिनीखालच्या खोडाचे तुकडे लावतात. लावल्यावरही फळांसाठी दोन-तीन वर्षं थांबावं लागतं.

आणि तो वास? तो दाण्यांमधल्या तेलाचा. सालीत तेल जवळपास नसतंच. या तेलात सिनिओल नावाचं एक द्रव्य असतं. सर्दी झाल्यावर आपण निलगिरीच्या तेलाचा वास घेतो, त्यातही हेच द्रव्य असतं. दाणा चावल्यावर तोंड गार वाटतं ते त्याच्यामुळे. वनस्पती अशी तीव्र वासाची तेलं तयार करतात ती मुख्यतः किडींना आणि बुरशीला दूर ठेवण्यासाठी. आपल्याला आवडणारा सुगंध हा वेलचीसाठी बियांचा पहारेकरी आहे!

वेलची निघाली परदेशी

वेलचीला प्रवास नवा नाही. सतराव्या शतकात मलबारच्या डच अधिकाऱ्याने, हेंड्रिक व्हान रीडने, तिथल्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' नावाचा बारा खंडांचा मोठा ग्रंथ करवून घेतला. १६७८ ते १६९३ या काळात तो ॲम्स्टरडॅमला छापला गेला. वेलचीही त्यात आहे, चित्रासकट. या कामात इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्यांनी मोलाची माहिती दिली. त्यांच्याबरोबर रंगा भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्यही होते. त्यांचं कोकणी भाषेतलं, नागरी लिपीतलं प्रमाणपत्र त्या ग्रंथात छापलेलं आहे.

पहिल्या महायुद्धाच्या थोडं आधी एका जर्मन मळेवाल्याने वेलचीची रोपं मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात नेली. तिथेही ढगांत बुडालेले ओले डोंगर आहेत. वेलचीला ते आवडले, आणि आज जगात सगळ्यांत जास्त वेलची ग्वाटेमालातच पिकते! तिथले लोक मात्र ती फारशी खात नाहीत. बरीचशी वेलची अरब देशांत जाते. तिथे पाहुणा आला की वेलची घातलेली कॉफी देतात. उत्तर युरोपात स्वीडनसारख्या देशांत ती गोड पावात घालतात. आणि आपल्या शेजारी, कर्नाटकातल्या हावेरी गावात वेलचीचे हार बनतात. सत्कारात फुलांच्या हाराऐवजी ते गळ्यात घालतात.

जंगलातली नवी भावंडं

इडुक्कीच्या सेबॅस्टियन जोसेफ या शेतकऱ्याने वेलचीचा एक नवा वाण शोधून काढला. त्यांनी आपल्या बागेत चांगल्या रोपांची निवड केली, परागीभवनासाठी मधमाश्यांची मदत घेतली आणि सरस ठरलेल्या रोपापासून पुढची लागवड वाढवली. त्यांच्या घराण्याच्या नावावरून हा वाण ञळ्ळानी म्हणून ओळखला जातो. पूर्वीच्या वेलचीपेक्षा तो कितीतरी पट जास्त पीक देतो आणि इडुक्कीत आता सगळीकडे दिसतो.

पण जवळपास सगळ्या बागांत एकच वाण असला तर एकच संकट सगळ्यांना गाठू शकतं. २०१८ च्या ऑगस्टमध्ये केरळात महापूर आला तेव्हा इडुक्कीतल्या बागांचं मोठं नुकसान झालं. २०२४ च्या उन्हाळ्यात उलटंच झालं. कडक ऊन आणि दुष्काळाने वेलचीची रोपं मोठ्या प्रमाणावर वाळून गेली. शिवाय किडीसाठी औषधं फवारली की त्यात मधमाश्याही मरतात. मग फुलं असूनही फळं धरणार कशी?

अशा वेळी रानातल्या नातेवाइकांचा आधार वाटतो. २०२४ मध्येच शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की आपल्या वेलचीची सहा जवळची भावंडं आहेत. त्यांतली चार आधी ठाऊक होती, पण दुसऱ्याच गटात मोडत होती. उरलेली दोन मात्र शास्त्राला अगदी नवी आहेत! एक सापडलं पेरियार व्याघ्र प्रकल्पात, तर दुसरं अगस्त्यमलईच्या डोंगरात. उद्या एखादा रोग आला किंवा ऊन वाढलं, तर त्याला तोंड देणारे गुण या रानटी भावंडांकडे शोधता येतील. मात्र त्यासाठी त्यांची जंगलं जागेवर असायला हवीत. वर उंच झाडं, खाली ओली माती आणि आसपास मधमाश्यांची पोळी, एवढं सगळं असेल तरच वेलची आहे.

आता तुम्ही शोधा

वेलची बघायला सगळ्यांनाच केरळात जाता येणार नाही. पण तिच्या चुलत बहिणी आपल्याकडेही आहेत. पावसाळ्यात सह्याद्रीत फिरायला गेलात तर रानहळदीचे गुलाबी-जांभळे तुरे दिसतील. कासच्या पठारावर आणि महाबळेश्वरला चवर दिसेल. ती आपल्या उत्तर सह्याद्रीपलीकडे कुठेच उगवत नाही.

आणि सगळ्यांत सोपी बहीण म्हणजे सोनटक्का. कुणाच्या तरी अंगणात किंवा फुलवालीच्या टोपलीत तो पावसाळ्यात नक्की असतो. त्याचं एक फूल घ्या. तोच परागकोश शोधा, त्यातून वर डोकावणारा तोच नाजूक दोरा शोधा. मग पाकळ्यांखालची नळी पट्टीने मोजा. ती वेलचीच्या नळीच्या कितीतरी पट लांब निघेल. सोनटक्का संध्याकाळी उमलतो, त्याचा वास रात्री घमघमतो आणि रंग पांढरा असतो. मग सांगा बघू, एवढ्या लांब नळीतला मध प्यायला अंधारात कोण येत असेल? घरच्या मोठ्यांना बरोबर घेऊन एका संध्याकाळी सोनटक्क्याच्या ताटव्याजवळ उभे राहा. लांबच लांब सोंडेचा एखादा पतंग तुम्हांला फुलासमोर हवेत थबकलेला दिसू शकेल. दिसला तर वहीत तारीख, वेळ आणि चित्र टिपून ठेवा.